पोहण्याच्या तलावातलं शेवाळ: पाणी हिरवं होण्याआधी आणि झाल्यावर

शेवाळ तलावात येऊच नये अशी सोय करता येत नाही. वाऱ्याबरोबर, पावसाच्या पाण्यातून, पडलेल्या पानांवरून, पोहणाऱ्यांच्या कपड्यांवरून त्याचे सूक्ष्म कण येतच राहतात. आलेल्याला बस्तान बसवू द्यायचं की नाही, एवढंच आपल्या हातात असतं. ते काम पाण्यातला क्लोरीन चोवीस तास करत असतो, आणि तो कमी पडला की उन्हाळ्यात एका रात्रीतही पाण्याचा रंग बदलतो.

नवखा माणूस अशा वेळी दुकानातून अल्जीसाइडची, म्हणजे शेवाळ मारायच्या औषधाची, बाटली आणतो. ती ओतून दोन दिवस वाट बघतो, मग दुसरी आणतो. माझ्या मते ही बाटली यादीत सगळ्यात शेवटी असावी. आधी क्लोरीनचा हिशेब, मग ब्रश, मग फिल्टर. हा लेख घरगुती किंवा लहान तलाव पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी आहे. सार्वजनिक तलावांना आपापले नियम असतात, तिथे ते पाळायचे.

आधी ओळख पटवा

हिरवं शेवाळ सगळ्यात जास्त दिसतं. पाण्यात तरंगत असेल तर पाणी गढूळ हिरवं होतं. भिंतीवर बसलं असेल तर हात लावल्यावर बुळबुळीत लागतं. मारायला हेच सगळ्यात सोपं.

पिवळं शेवाळ फसवतं. त्याला मोहरी शेवाळही म्हणतात. ते सावलीच्या बाजूला, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, शिडीमागे बारीक पिवळसर धुळीसारखं बसतं. ब्रश फिरवला की ढग उठतो, जागा स्वच्छ दिसते, आणि एक-दोन दिवसांत तीच धूळ त्याच जागी हजर. परागकण किंवा वाळू असती तर ती कुठेही बसली असती. दर वेळी त्याच सावलीत बसते म्हणजे ते शेवाळच, असं धरून चाला.

काळं शेवाळ म्हणजे प्लास्टरवर किंवा टाइल्सच्या फटींत दिसणारे काळे-निळसर ठिपके. शास्त्राच्या हिशेबाने हे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. ठिपक्यावर चिवट आवरण असतं आणि खाली ते खडबडीत पृष्ठभागाच्या छिद्रांत शिरलेलं असतं. ब्रशने वरचं निघतं, आतलं राहतं.

गुलाबी चिकट थर दिसला तर तोही शेवाळ नाही, जिवाणूंचाच. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खणाच्या) तोंडाशी, पाइपांच्या टोकाला, शिडीच्या सांध्यांत तो जमतो. घासून काढा, क्लोरीन वाढवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं.

आणखी एक गफलत टाळायला हवी. पाणी हिरवं आहे, पण आरपार नितळ आहे, तळाची जाळी स्पष्ट दिसते आणि भिंत बुळबुळीत लागत नाही. असं असेल तर संशय धातूंवर घ्या. तांबं किंवा लोह असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकताच ते काही मिनिटांत हिरवट किंवा चहासारखं तपकिरी होऊ शकतं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने तलाव भरला असेल तर हे हमखास आठवा. अशा पाण्यात शेवाळ समजून क्लोरीन ओतत राहिलात, तर भिंतींवर डाग मात्र पक्के बसतील.

मोजल्याशिवाय काही ओतू नका

तीन गोष्टी हाताशी हव्यात: तलावात किती पाणी आहे तो आकडा, थेंबांचं टेस्ट किट, आणि फिल्टरच्या प्रेशर गेजवरचा स्वच्छ असतानाचा आकडा. टेस्ट स्ट्रिप रोजच्या अंदाजाला चालतात, पण शेवाळाशी झुंजताना त्यांच्यावर विसंबू नका.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ बाजूला १.२ आणि खोल बाजूला १.८ मीटर, उतार सारखा. सरासरी खोली १.५ मीटर. गुणाकार ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर. एक पीपीएम म्हणजे दर हजार लिटरला एक ग्रॅम. त्यामुळे या तलावात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ४८ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागेल. पुढचे सगळे डोस यावरूनच निघतात.

आता किटमध्ये काय बघायचं? फ्री क्लोरीन म्हणजे कामाला मोकळा असलेला क्लोरीन. कम्बाइन्ड क्लोरीन म्हणजे घाम-लघवी-घाणीशी बांधला गेलेला, जवळजवळ निकामी क्लोरीन; डोळे चुरचुरतात आणि 'क्लोरीनचा वास' येतो तो याचाच. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.६ असावा; पीएच स्थिर ठेवणारी एकूण अल्कलिनिटी साधारण ८० ते १२० पीपीएम. आणि ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते सायन्युरिक ॲसिड, बोलीभाषेत स्टॅबिलायझर.

रंग जुळवून बघायच्या डीपीडी किटची एक खोड माहीत हवी. त्यातलं औषध क्लोरीन भेटला की गुलाबी होतं. पण क्लोरीन फारच जास्त असेल, तर गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि लगेच उडून जातो. नळीत स्वच्छ पाणी दिसतं, माणूस 'क्लोरीन शून्य' असं वाचतो आणि आणखी ओततो. थेंब टाकताना नळीवरून नजर हलवू नका. शंका आली तर नमुना आणि डिस्टिल्ड पाणी समसमान मिसळून पुन्हा मोजा आणि आकडा दुप्पट करा. शेवाळाच्या कामाला एफएएस-डीपीडी प्रकारचं किट सगळ्यात बरं, कारण त्यात रंग जुळवायचा नसतो. गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे असतात.

स्टॅबिलायझरचं गणित

इथे थोडं थांबू, कारण नवख्यांचं बहुतेक शेवाळ या एका गोष्टीतून येतं.

उघड्यावरच्या तलावात स्टॅबिलायझर नसेल तर कडक उन्हात निम्मा क्लोरीन तासाभराच्या आतही उडून जातो. सायन्युरिक ॲसिड त्याला धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं. पण धरून ठेवलेला क्लोरीन तेवढाच संथही होतो. म्हणून '१ ते ३ पीपीएम क्लोरीन पुरे' हा सरसकट सल्ला उघड्या तलावाला लागू पडत नाही. स्टॅबिलायझर जितका जास्त, तितका फ्री क्लोरीनही जास्त हवा. कामचलाऊ नियम असा: रोजचा फ्री क्लोरीन स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के. स्टॅबिलायझर ४० पीपीएम असेल तर फ्री क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही, आणि थोडी वरकड ठेवून ४-५ वर चालवायचं. उघड्या तलावात स्टॅबिलायझर ३० ते ५० असावा. पूर्ण सावलीतल्या किंवा बंदिस्त तलावाला त्याची फारशी गरज नसते.

गोम ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन आणि स्टॅबिलायझर एकत्र असलेल्या, गोळ्यांत आहे. सोयीच्या म्हणून सगळे त्याच वापरतात, पण ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन आला की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतं. रोज २ पीपीएम क्लोरीन खर्च होत असेल तर महिन्याला ३६ पीपीएम स्टॅबिलायझर साठतो. क्लोरीन संपतो, हा मात्र पाण्यातच राहतो. तीन महिन्यांत तो शंभराच्या पुढे गेलेला असतो, किटमध्ये क्लोरीन '३' दिसतो, आणि तरीही पाणी हिरवं होतं. गोळ्या बदलून किंवा अल्जीसाइड ओतून हे सुटत नाही. थोडं पाणी काढून ताजं भरणं हाच खात्रीचा मार्ग.

पण तलाव एकदम रिकामा करू नका. जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामं फायबरग्लासचं भांडं खालच्या दाबाने उचललं जाऊ शकतं, आणि व्हिनाइलचं लायनर (आतलं प्लास्टिकचं अस्तर) आकसतं. थोडं काढा, थोडं भरा, मोजा, पुन्हा काढा.

स्टॅबिलायझर मोजायची नळी गंमतीची असते. मिश्रण पांढुरकं होतं आणि ते हळूहळू ओतत नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. हे बाहेर उजेडात, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून करा. ठिपक्याकडे टक लावून बघत राहिलात तर तो 'अजून दिसतोय' असं वाटत राहतं; नजर टाकायची आणि काढायची.

औषधं हाताळताना

क्लोरीन आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन प्रकारचे क्लोरीनही एकत्र करायचे नाहीत: ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. म्हणून गोळ्यांच्या फ्लोटरमध्ये (तरंगत्या डब्यात) किंवा फीडरमध्ये दुसरी पावडर टाकायची नाही, आणि मोजायचा मगही प्रत्येकाचा वेगळा ठेवायचा. औषध नेहमी पाण्यात घालायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. साठवण कोरड्या, हवेशीर जागी, ॲसिडपासून दूर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.

आणि तळाची जाळी दिसत नसेल इतकं पाणी गढूळ असेल, तर तलावात कुणीही उतरायचं नाही. बुडणारा माणूस अशा पाण्यात वरून दिसत नाही.

हिरवं शेवाळ: पायरीपायरीने

पायरी १. पानं, काड्या, किडे जाळीने काढा. तळ दिसत नसला तरी चाचपडत जाळी फिरवा. कुजणारा कचरा क्लोरीन खात राहतो आणि त्याचं बिल तुम्ही भरता.

पायरी २. पीएच ७.२ च्या आसपास आणा. पीएच ७.५ ला स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातला साधारण निम्मा क्लोरीन त्याच्या जहाल रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेला की पीएचची चाचणी खोटं सांगते. पुढचे काही दिवस पीएच मोजूच नका.

पायरी ३. स्टॅबिलायझर मोजा आणि त्याच्या ४० टक्के हा लढाईचा आकडा ठरवा. ३० ला १२ पीपीएम, ४० ला १६, ५० ला २०. स्टॅबिलायझर ८० च्या वर असेल तर आधी पाणी बदला, नाहीतर क्लोरीनवर पैसा ओतत बसाल.

पायरी ४. त्या आकड्यापर्यंत क्लोरीन चढवा. आपल्या ४८,००० लिटरच्या तलावात स्टॅबिलायझर ४० आहे आणि फ्री क्लोरीन शून्य. १६ गुणिले ४८ म्हणजे ७६८ ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचं द्रव सोडियम हायपोक्लोराइट असेल तर सुमारे पावणेआठ लिटर. ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर असेल तर साधारण १.२ किलो. मी द्रवच घेईन. पावडरने पाण्याचा कठीणपणा वाढतो, आणि न विरघळलेला दाणा व्हिनाइलवर बसला तर तिथला रंग उडतो. द्रव मात्र ताजं हवं. उन्हात पडून राहिलेल्या कॅनची ताकद छापील आकड्यापेक्षा कमी झालेली असते. गोळ्या या कामाला नकोत. पंप चालू ठेवून, पाणी परत येतं त्या तोंडासमोर सावकाश ओता, शक्यतो संध्याकाळी.

पायरी ५. ब्रश. सगळ्या भिंती, तळ, पायऱ्या, शिडीमागची जागा, दिव्याची चौकट, स्किमरचं तोंड. शेवाळावर बुळबुळीत थर असतो, तो फुटला तरच क्लोरीन आत पोचतो. रोज एकदा तरी हे करायचंच. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

पायरी ६. आकडा टिकवा. बहुतेक लोक इथेच हरतात: एकदा भरपूर क्लोरीन टाकतात आणि सकाळपर्यंत विसरतात. पहिल्या दिवशी शेवाळ क्लोरीन झपाट्याने संपवतं, दोन तासांत १६ चा ४ झालेला दिसू शकतो. मोजा, पुन्हा १६ वर आणा. जमेल तितक्या वेळा. पुढे घट मंदावते, मग दिवसातून दोन-तीनदा पुरे. पाण्याचा रंग गडद हिरव्यातून फिकट, मग राखाडी-निळसर दुधाळ होत जातो. तो दुधाळपणा म्हणजे मेलेलं शेवाळ.

पायरी ७. पंप दिवसरात्र चालू. मेलेलं शेवाळ बाहेर काढणं फिल्टरचं काम, आणि तो भराभर तुंबतो. गेज स्वच्छ आकड्यापेक्षा सुमारे २५ टक्के वर गेलं की वाळूचा फिल्टर बॅकवॉश करा (पाणी उलट दिशेने सोडून धुवा), कार्ट्रिज असेल तर काढून धुवा. त्याआधी उगाच बॅकवॉश करू नका. किंचित मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक कण चांगले पकडते.

काम संपलं हे डोळ्यांवरून ठरवायचं नाही. पाणी नितळ हवं, कम्बाइन्ड क्लोरीन ०.५ पीपीएम किंवा कमी हवा, आणि रात्रभराची घट १ पीपीएमपेक्षा जास्त नसावी. सूर्य मावळल्यावर मोजा, सकाळी ऊन तलावावर पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे क्लोरीन घटला तर तो पाण्यातलं काहीतरी जिवंत खातंय. तिन्ही जमेपर्यंत लढाईचा आकडा सोडायचा नाही. हलक्या हिरवटपणाला दोन-तीन दिवस लागतात, डबक्यासारख्या पाण्याला आठवडा किंवा जास्त. पोहायला उतरायचं ते क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आल्यावरच.

घाई असेल तर फ्लॉक्युलंट टाकून गाळ तळाशी बसवता येतो. मात्र तो फिल्टरमधून न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा लागतो, आणि त्यात पाणीही बरंच जातं. वाट बघणं जमत असेल तर फिल्टरला त्याचं काम करू द्या.

पिवळं आणि काळं

पिवळ्यासाठी वरची सगळी प्रक्रिया पूर्ण करायची आणि मग शेवटी २४ तास क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ६० टक्क्यांवर ठेवायचा. स्टॅबिलायझर ४० असेल तर २४ पीपीएम. पण निम्मी लढाई पाण्याबाहेर असते. शिडी सुटत असेल तर काढा, दिव्याच्या मागे ब्रश घाला, स्किमरचं झाकण आणि त्याखालची कड तपासा. ब्रश, व्हॅक्यूमचा पाइप, जाळी, फुगवायची खेळणी, फ्लोटर, जे जे नेहमी पाण्यात जातं ते या काळात पाण्यातच ठेवा. पोहण्याचे कपडे धुवा. तरीही तीच धूळ परत आली, तर एखादा कोपरा राहिला आहे. दहापैकी नऊ वेळा दिव्याची चौकट निघते.

काळ्याला घाई चालत नाही. प्लास्टर किंवा काँक्रीटच्या तलावात स्टीलचा ब्रश घेऊन एकेक ठिपका खरवडायचा, वरचं आवरण फुटेपर्यंत. व्हिनाइल, फायबरग्लास आणि टाइल्सवर स्टील लावायचं नाही, ओरखडे कायमचे राहतात. तिथे नायलॉनचा कडक ब्रश. खरवडलेल्या जागेवर ट्रायक्लोरची गोळी हातमोजा घालून घासतात, हा जुना उपाय प्लास्टरवर चालतो, लायनरवर नाही. मग क्लोरीन लढाईच्या आकड्यावर आणि रोज तोच ठिपका, तोच ब्रश. काही आठवडे सहज जातात. टाइल्सच्या फटीतलं ग्राउट भुसभुशीत झालं असेल तर ठिपका जाऊनही परत येतो. तिथे ग्राउट खरवडून नवं भरणं स्वस्त पडतं.

मग रोज काय करायचं

फ्री क्लोरीन आणि पीएच: ऊन असेल तर रोज, नाहीतर दिवसाआड. ब्रश आठवड्यातून एकदा, सावलीच्या कोपऱ्यांना दोनदा. स्टॅबिलायझर महिन्यातून एकदा, गोळ्या वापरत असाल तर त्याआधीही. मोठा पाऊस झाला, वावटळ आली किंवा बरीच माणसं पोहून गेली की त्याच संध्याकाळी मोजा. पंप इतका वेळ चालवा की दिवसात सगळं पाणी निदान एकदा फिल्टरमधून जाईल. पाणी परत येणारी तोंडं अशी वळवा की कुठल्याच कोपऱ्यात पाणी साचून राहणार नाही. पाणी सुमारे १५ अंशांच्या खाली गेलं की शेवाळाची वाढ मंदावते, तेव्हा क्लोरीनही कमी लागतो, पण शून्य कधीच नाही.

मिठाचा तलाव असला तरी सुटका नाही. तिथलं यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं आणि पीएच हळूहळू वर नेतं. शिवाय हिरव्या झालेल्या पाण्याला पुरेल इतक्या वेगाने ते क्लोरीन बनवू शकत नाही. लढाईपुरता द्रव क्लोरीन बाहेरूनच ओतावा लागतो.

राहता राहिलं अल्जीसाइड. काही दिवस तलावाकडे लक्ष देता येणार नसेल, किंवा हंगामापुरता तलाव झाकून ठेवणार असाल, तर पॉलिक्वॅट ६० प्रकारचं घ्या, त्याला फेस येत नाही. साधं क्वॅट स्वस्त असतं, पण पाण्यावर फेस करतं. तांब्याचं अल्जीसाइड काम करतं हे खरं, पण तांबं पाण्यात साठत जातं, प्लास्टरवर निळसर-हिरवे डाग पाडतं आणि फिक्या केसांना हिरवी झाक देतं. फॉस्फेट काढणारी औषधंही खूप खपवली जातात. फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य, हे बरोबर; पण क्लोरीन पुरेसा असेल तर ते खायला कुणी जिवंत राहत नाही. ती बाटली घ्यायचीच असेल तर स्टॅबिलायझर, क्लोरीन आणि फिल्टर तिन्ही जागेवर आणल्यानंतर घ्या. टाकल्यावर पाणी पांढुरकं होईल आणि गेजचा काटा चढेल, तेव्हा बॅकवॉश करायचा.